एमओटीत नापास गाडी परत करताना

इंग्लंडमध्ये नव्याने आलेला आपला माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला की सगळे एकच सांगतात, "एमओटी बघून घे." एमओटी म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी. सल्ला खरा आहे, पण अर्धा. मी एमओटी बघूनच गाडी घेतली होती. तीच गाडी पुढच्या एमओटीत अशी आपटली की चाचणी केंद्रातून चालवत घरी आणायचीही सोय उरली नाही. पैसे परत मिळाले, जवळजवळ सगळे. पण गाडी नापास झाली एवढ्यावर इथे कोणी पैसे परत देत नाही. मी काय लिहिलं, किती दिवसांच्या आत लिहिलं आणि फोनवर काय कबूल केलं नाही, यावर सगळं ठरलं.

मी लेस्टरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळी सुटते तेव्हाच्या बसगाड्यांचं वेळापत्रक करणाऱ्याने कधी रात्रपाळी केली नसावी. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, त्यामुळे आधी इथली परीक्षा दिली आणि मगच गाडी शोधायला लागले. नवऱ्याला गाड्यांत काडीचा रस नाही. त्याचं म्हणणं, चार चाकं आणि एक हीटर असला की झालं. शोधाशोध माझ्याकडेच आली.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर पीयूसी सोडली तर कोणी गाडीच्या खाली डोकावत नाही. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. १९६० साली ही सुरू झाली तेव्हाच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टवरून तिला एमओटी म्हणतात. मंत्रालयाचं नाव केव्हाच बदललं, चाचणीचं तेच राहिलं. मोटारगाडीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात, बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात. ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे, सीटबेल्ट, धूर आणि गाडीचा सांगाडा यांची तपासणी होते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था त्यात धरतच नाहीत. म्हणजे एमओटी पास गाडीचं क्लच दुसऱ्या दिवशी गेलं तरी एमओटीवाल्याचा दोष नाही.

नंबरप्लेट टाकली की सरकारी संकेतस्थळावर २००५ पासूनच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात, त्या-त्या दिवशी गाडी किती मैल चालली होती त्यासकट. ही सोय इतकी चांगली आहे की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ती आली तर अर्ध्या गाड्यांचे काटे आपोआप सुधारतील.

माझ्या गाडीच्या इतिहासात एक गोष्ट होती. गाडी दहा वर्षांची, मैल बेताचे, किंमत ४,२०० पौंड. दोन वर्षांपूर्वीच्या एमओटीत 'ॲडव्हायझरी' होती, की दारांखालच्या पत्र्याला, म्हणजे सिलला, थोडा गंज आहे. ॲडव्हायझरी म्हणजे नापास नव्हे, 'लक्ष ठेवा' अशी सूचना. नंतरच्या वर्षीची एमओटी मात्र एकदम स्वच्छ, गंजाचा शब्दही नाही. गंज आपण होऊन बरा होत नाही, म्हणून मी डीलरला व्हॉट्सॲपवर विचारलं. त्याचं उत्तर असं: आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंय, खाली सगळं व्यवस्थित आहे, काळजी नको. हा एक मेसेज पुढे माझ्या किती कामाला येणार आहे हे तेव्हा त्यालाही कळलं नसावं.

प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा मी वाकून मोबाइलच्या टॉर्चने खाली पाहिलं. सगळं काळं कुळकुळीत. अंडरसीलचा, म्हणजे गाडीच्या तळाला मारतात त्या गंजरोधक लेपाचा, जाड थर, अजून वास येत होता. विचारलं तर म्हणाला, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्यापासून संरक्षण. हे खोटंही नाही. इथे बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर खडेमीठ पसरतात आणि त्यानेच गाड्यांचे खालचे पत्रे खाल्ले जातात. गाडी चालवून पाहिली, छान होती. टोकन म्हणून २०० पौंड क्रेडिट कार्डावर दिले, बाकीचे बँकेतून. हे क्रेडिट कार्डाचं आमच्या वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरने सांगितलं होतं, "थोडे का होईना, कार्डावर दे." कारण तिने सांगितलं नाही, तिलाही नक्की माहीत नव्हतं. ते पुढे येतंच.

बिलावर खाली एक ओळ छापलेली होती की गाडी आहे त्या स्थितीत विकली आहे आणि ग्राहकाला ती मान्य आहे. सोबत कुठल्याशा कंपनीच्या तीन महिन्यांच्या वॉरंटीचं चोपडं.

जुन्या एमओटीची मुदत संपायला थोडे आठवडे बाकी होते. मुदतीच्या आधी महिन्याभरात, नेमकं सांगायचं तर एक दिवस कमी, केव्हाही नवी एमओटी करून घेतली तरी पुढल्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणून मी लगेच वेळ घेतली, आणि घेतली ती नगरपालिकेच्या चाचणी केंद्रात. बऱ्याच शहरांत महापालिकेच्या स्वतःच्या गाड्यांसाठी अशी केंद्रं असतात आणि ती लोकांनाही खुली असतात. तिथे सहसा दुरुस्तीचं काम घेत नाहीत, त्यामुळे तुमची गाडी नापास करण्यात त्यांचा फायदा नाही आणि पास करण्यातही नाही. ज्यांना अजून माहीत नाही त्यांनी आपल्या भागात असं केंद्र आहे का ते जरूर शोधावं.

रॅम्पवर गाडी चढवून तपासणीस हातात एक छोटी प्लॅस्टिकची हातोडी घेऊन खाली शिरला. या लोकांना काही सुटं करायची, उघडून बघायची परवानगी नसते. बघायचं, हलवायचं आणि संशय आला तर हलकेच ठोकायचं. मडकं घेताना वाजवून बघावं तसा तो सिलवर ठोकत पुढे सरकत होता. टण टण टण, आणि मागच्या दरवाज्यापाशी आवाज बसला. पुन्हा ठोकलं तर काळ्या अंडरसीलचा पापुद्रा सुटून खाली पडला, त्याला आतून तपकिरी भुगा चिकटलेला. मला काच असलेल्या खोलीतून दिसत होतं. त्याने मला आत बोलावून दाखवलं, ही माणुसकी. तसं करणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं.

हातात पडला तो व्हीटी३० नावाचा नापासाचा कागद. २० मे २०१८ पासून एमओटीतल्या दोषांना वर्ग दिले आहेत: मायनर असेल तर गाडी पास होते, मेजर किंवा डेंजरस असेल तर नापास. माझ्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सिलना सीटबेल्टच्या खुंटीजवळ सांगाडा कमकुवत करणारा गंज, मेजर. खुंटीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा सडला असेल तर तो सांगाड्याचा भाग धरतात, कारण अपघातात पट्टा ज्या पत्र्याला धरून असतो तोच निखळला तर पट्ट्याचा काय उपयोग? मागच्या ब्रेकचा एक पाइप गंजून केव्हाही फुटेल अशा अवस्थेत, डेंजरस. शिवाय नंबरप्लेटचा एक दिवा बंद आणि वायपरचं रबर फाटलेलं.

या शेवटच्या दोन गोष्टी मी तक्रारीतून आधीच वगळल्या. कायदा जुन्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा करत नाही. वय, मैल आणि किंमत पाहता सुज्ञ माणसाला समाधानकारक वाटेल एवढा दर्जा तो मागतो. बल्ब जाणं, रबर फाटणं ही झीज. तक्रारीच्या यादीत बल्ब घातला की डीलर त्याच बल्बावर बोलत राहतो.

जुनी एमओटी अजून चालू होती, पण कागदावर डेंजरस आलं की तिचा आधार घेऊन गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २,५०० पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट, गाडी चालवायला बंदीही होऊ शकते. गाडी ट्रकवर चढवून एका मैत्रिणीच्या ड्राइव्हवेत नेऊन ठेवली.

मग डीलरला फोन. तो इतका गोड बोलला की मला माझाच राग खोटा वाटायला लागला. म्हणाला, काही काळजी करू नका, गाडी आणून टाका, आमचा वेल्डर पत्रा मारून देईल, पाइप बदलू, आणि आमच्या ओळखीच्या केंद्रातून पास करून देऊ, एक पेनीही लागणार नाही. त्या क्षणी कोणीही हो म्हणेल. मी 'लिहून कळवते' एवढंच म्हणाले, कारण फोन करायच्या आधी मंडळातल्या एका काकांशी बोलणं झालं होतं. सत्तरच्या दशकात आलेले, स्वतः गाड्यांचे सुटे भाग विकलेले. ते म्हणाले, "पोरी, फोनवर कशालाही हो म्हणू नकोस. इथे बोलण्याला किंमत नाही, कागदाला आहे. आणि तुझे दिवस मोज."

दिवस मोजायचे ते असे. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू समाधानकारक दर्जाची नसेल, ठरलेल्या कामाला योग्य नसेल किंवा सांगितली तशी नसेल, तर पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. महिना नव्हे, ३० दिवस. ताबा घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरायचे. या मुदतीत दुरुस्तीची संधी द्यायचं बंधन तुमच्यावर नसतं. मात्र तुम्ही स्वतः दुरुस्तीला हो म्हणालात, की दुरुस्तीला वाजवी वेळ द्यावा लागतो आणि तोवर गाडी नाकारता येत नाही. मुदत तेवढ्यापुरती थांबते हे खरं, गाडी परत मिळाल्यावर उरलेले दिवस किंवा निदान सात दिवस मिळतात. पण तोवर गंजावर नवा पत्रा, त्यावर पुन्हा काळा रंग, हातात नवं पास सर्टिफिकेट. मग कशाच्या जोरावर भांडणार? डीलरच्या गोड बोलण्याची मेख इथे होती.

सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. तिथल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती बहुतेकांना ठाऊक नसते. लोक म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळी होताच असं कायदा धरून चालतो, सिद्ध करायचं ते डीलरने. हे दुरुस्ती, किंमत कमी करणं आणि दुरुस्तीनंतरच्या नकाराला लागू आहे. पहिल्या ३० दिवसांच्या थेट नकाराला नाही. तिथे दोष आधीपासून होता हे ग्राहकाने दाखवायचं. म्हणजे पूर्ण पैसे हवे असतील तर पुरावाही आपणच आणायचा.

त्याच संध्याकाळी ईमेल केला. भांडणाचा सूर नाही, विशेषणं नाहीत. कोणती गाडी, कधी घेतली, किती दिले, एमओटीत कोणते दोन दोष निघाले. या कारणांनी ग्राहक कायद्याच्या कलम २० आणि २२ प्रमाणे मी गाडी रिजेक्ट करते आहे, पूर्ण रक्कम परत हवी, गाडी अमुक पत्त्यावर तुम्हाला उचलून नेण्यासाठी ठेवली आहे. कायद्याला ठरावीक शब्द लागत नाहीत, अर्थ स्पष्ट असला की पुरे. पण 'मी समाधानी नाही', 'काहीतरी मार्ग काढा' असं लिहिलं तर डीलर त्याचा अर्थ दुरुस्तीची विनंती असाच लावणार. पोस्टानेही तेच पत्र पाठवलं, पोचपावतीसकट. तेव्हापासून गाडीला हात लावला नाही. नाकारलेली गाडी वापरत राहिलं तर आपणच आपलं म्हणणं खोटं पाडतो.

उत्तरातला गोडवा गेला होता. आता दहा वर्षांच्या गाडीला गंज असणारच. एमओटी विक्रीच्या दिवशी चालू होती म्हणजे गाडी रस्त्यायोग्य होती. ॲडव्हायझरी जगाला दिसते, तुम्हालाही दिसली होती. 'आहे त्या स्थितीत' यावर तुमची सही आहे. आणि काही अडचण असेल तर वॉरंटी कंपनीकडे जा.

यातला ॲडव्हायझरीचा मुद्दा वजनदार होता. बाकीचे पोकळ. व्यापारी ग्राहकाला विकतो तेव्हा कायद्याने दिलेले हक्क बिलावरच्या एका ओळीने काढून घेता येत नाहीत, कलम ३१ तसं सरळ सांगतं. वॉरंटी ही त्या हक्कांच्या वर, त्यांच्या जागी नव्हे. शिवाय चोपड्यात बारीक अक्षरात गंज वगळलेला होताच. एमओटी चालू असणं म्हणजे तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती, त्यानंतरच्या अकरा महिन्यांची हमी नाही.

ॲडव्हायझरीचं मात्र तसं नव्हतं. विक्रीआधी जो दोष ग्राहकाच्या मुद्दाम नजरेस आणून दिला, किंवा ग्राहकाने गाडी तपासली असेल तर त्या तपासणीत जो दिसायलाच हवा होता, त्यावर नंतर दर्जाची तक्रार करता येत नाही. डीलर याच खुंटीला दोरी बांधत होता. पण माझ्या नजरेस त्याने आणून दिलं होतं ते काय? गंज आहे हे नाही, गंजाचं काम झालंय हे. व्हॉट्सॲपवर, तारखेसकट. आणि वाकून पाहिल्यावर दिसायला हवं होतं म्हणावं तर त्यावर जाड काळा थर कोणी आणि का दिला? शिवाय 'काम झालंय' हे गाडीचं वर्णन झालं, आणि ते खोटं निघालं. दर्जाच्या जोडीला वर्णनाचाही भंग. दुसऱ्या पत्रात मी त्याच्याच मेसेजचा फोटो जोडला. त्यानंतर ॲडव्हायझरी हा शब्द त्याच्या पत्रांतून नाहीसा झाला.

पुराव्यासाठी एका स्वतंत्र मोटार अभियंत्याला बोलावलं. ड्राइव्हवेत गाडी जॅकवर घेऊन त्याने तास-दीड तास घालवला, फोटो काढले, थराची जाडी मोजली. अहवालातलं वाक्य असं काहीसं होतं की इतका गंज यायला वर्षं लागतात, काही आठवड्यांत तो येणं शक्य नाही, आणि अंडरसील अलीकडेच, खालचा गंज साफ न करता, त्यावरच मारलेलं आहे. मारलं कोणी हे तो लिहू शकत नव्हता, त्याने लिहिलंही नाही. मला तोच प्रामाणिकपणा आवडला. कोणी मारलं हा माझा प्रश्नच नव्हता. गाडी विकताना ती तशी होती एवढं दाखवणं माझं काम होतं, डीलरला ते माहीत होतं की नव्हतं याने माझा हक्क बदलत नाही.

मागच्या वर्षी ज्याने स्वच्छ पास दिला त्या केंद्राचं काय, असं घरी सगळ्यांनी विचारलं. चुकीने पास केल्याची तक्रार एमओटीवर देखरेख करणाऱ्या डीव्हीएसए या खात्याकडे करता येते, पण गंजाच्या बाबतीत चाचणीपासून तीन महिन्यांच्या आत आणि इतर दोषांसाठी २८ दिवसांत. ती मुदत केव्हाच उलटली होती. तो रस्ता सोडला.

आता त्या २०० पौंडांची गोष्ट. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ७५ प्रमाणे, वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल आणि तिचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते, आणि तीही फक्त २०० पौंडांपुरती नव्हे तर सगळ्या ४,२०० ची. डेबिट कार्डाला हे कलम नाही. मजा म्हणजे रस्त्यायोग्य नसलेली गाडी विकणं हा ज्या कलमाने फौजदारी गुन्हा ठरतो तेही रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चं कलम ७५च. काका म्हणाले, लक्षात ठेवायला सोपं.

कार्ड कंपनीकडे दावा लावला. त्यांचं काम निवांत. आधी अर्ज, मग कागद, मग पुन्हा तेच कागद. फोनवर दरवेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. पण दावा लागला आहे हे डीलरला कळताच त्याची पत्रं छोटी झाली. पहिल्यांदा निम्म्या पैशांचा प्रस्ताव आला, मग चालवलेल्या मैलांचे आणि 'प्रशासकीय खर्चाचे' कापून बाकीचे देतो. थेट नकारात वापराबद्दल कपात करता येत नाही. ती करता येते ती दुरुस्ती फसल्यावर गाडी नाकारली तर. आणि मोटारींच्या बाबतीत ती पहिल्या सहा महिन्यांतही चालते, इतर वस्तूंना ती सवलत नाही. मी कलम लिहून कळवलं आणि खाली जोडलं, चौदा दिवसांत पूर्ण रक्कम आली नाही तर काउंटी कोर्टात दावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातात, वकील लागत नाही. ३,००० ते ५,००० च्या दाव्याला २०५ पौंड फी, जिंकलात तर तीही समोरच्याकडून. २०२४ च्या मे महिन्यापासून अशा पैशांच्या दाव्यांत आधी फोनवरून मध्यस्थी करणं भाग आहे. माझ्या मनात कोर्टाची धास्ती होतीच. आपल्याकडे 'कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकतच मोठी झालेली मी. पण कागद सगळे एका फायलीत तारखेवार लावले आणि धास्ती बरीच उतरली.

कोर्टापर्यंत गेलं नाही. मुदत संपत आली तेव्हा डीलरचा ईमेल आला, पूर्ण रक्कम परत, गाडी आम्ही उचलतो, लॉगबुक आधी पाठवा. लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हे गाडीचं नोंदणीपत्र, मी आधी पाठवलं नाही. पैसे खात्यात दिसल्यावर ट्रकवाल्याच्या हातात दिलं आणि त्याच मिनिटाला डीव्हीएलएच्या, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावर गाडी व्यापाऱ्याला दिल्याची नोंद केली. ती राहिली तर उद्याचे दंड आपल्या नावावर येतात. रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे तिथून आपोआप आले. २०० पौंड कार्डावर परत आले, बाकीचे बँकेत, जसे गेले तसे. अभियंत्याची फी कार्ड कंपनीने भरून दिली, कारण कलम ७५ खाली झालेलं नुकसानही मागता येतं. विमा मधेच रद्द केल्याचा भुर्दंड मात्र माझ्याच माथी बसला. तो मागायचा तर आणखी पत्रव्यवहार, आणि मला आता त्या माणसाचं नाव इनबॉक्समध्ये नको होतं.

सिटिझन्स ॲडव्हाइसने माझी तक्रार व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स या सरकारी यंत्रणेकडे पाठवली. तुम्ही थेट त्यांच्याकडे जाऊ शकत नाही आणि ते तुमचे पैसे मिळवून देत नाहीत. एकाच विक्रेत्याबद्दल तक्रारी साठल्या तर कारवाई करायची की नाही ते ते ठरवतात. मोटर ऑम्बड्समन नावाची तक्रारी सोडवणारी संस्थाही आहे, पण डीलर तिचा सदस्य असेल तरच तिचा उपयोग. माझा नव्हता. आता मी गाडी बघायच्या आधी हे बघते.

मंडळातल्या एका जोडप्याची गाडी चार महिन्यांनी नापास झाली तेव्हा त्यांनी माझीच पत्रं मागून घेतली आणि तारीख बदलून पाठवायला निघाले. तसं चालत नाही. ३० दिवस उलटले की डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते, ती फसली तर मग नकार किंवा किंमत कमी करून घेणं. पण तिथे सहा महिन्यांच्या आतलं गृहीतक त्यांच्या बाजूने होतं, दोष आधी नव्हता हे डीलरने दाखवायचं. शिवाय त्यांनी गाडी हप्त्यांवर घेतलेली. हायर परचेसवर गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असते, त्यामुळे तक्रारही तिच्याकडेच करायची. आठ आठवड्यांत ती मिटली नाही तर फायनान्शियल ऑम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा, आणि तो ग्राहकाकडून फी घेत नाही. त्यांनी फायनान्स कंपनीकडे तक्रार केली, डीलरने पहिल्याच फटक्यात नीट दुरुस्ती केली, विषय संपला. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. सांगितली तशी निघाली का, एवढंच विचारता येतं. म्हणून 'माझ्या बायकोची गाडी आहे' म्हणत महिन्याला चार गाड्या विकणारे दिसले की तिथून निघावं.

दुसरी गाडी घेताना मी डीलरना एकच अट घातली. नवी एमओटी मी सांगेन त्या नगरपालिकेच्या केंद्रात, पैसे नंतर. एकाने फोनच ठेवला. एकजण म्हणाला, आमच्याकडे सगळ्या गाड्या आमच्या केंद्रातूनच पास होतात, त्याला मी शुभेच्छा दिल्या. मग एकाने खांदे उडवले आणि किल्ली घेऊन तो स्वतःच गाडी चालवत तिथे आला. तोच तपासणीस, तीच हातोडी. पुढचा एक टायर १.६ मिलिमीटरच्या खाली झिजलेला म्हणून गाडी नापास झाली, डीलरने दोन दिवसांत दोन्ही टायर बदलले आणि फेरतपासणीत ती पास झाली. त्याच दिवशी मी टोकन दिलं, क्रेडिट कार्डावर.